कोर्टाची पायरी न चढता लग्न मोडता येतं का?

तिसरी_खोली:
नवा आयडी काढून लिहितेय. जुन्या आयडीवर माझ्या पाककृती आहेत आणि साबाही (सासूबाई) इथे वाचतात, त्यामुळे समजून घ्या.

लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची. पिंपरी-चिंचवडमध्ये दोघांच्या नावावर फ्लॅट, त्यावर कर्ज. मारहाण नाही, दारू नाही, तिसरं माणूस नाही. दोन वर्षांपासून एकाच घरात वेगळ्या खोल्यांत राहतोय, हप्ते चालू आहेत म्हणून कोणी बाहेर पडलेलं नाही. आता दोघांनाही कळलंय की हे पुढे चालणार नाही. रडून झालं, भांडूनही झालं.

प्रश्न असा की नवऱ्याचे मामा म्हणताहेत कोर्टबिर्ट कशाला, ओळखीच्या नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून घेऊ, दोन साक्षीदार, एका दुपारचं काम. माझे बाबा पण म्हणतात की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला वकील, तारखा, आरोप यातलं काहीच नकोय. असं बाहेरच्या बाहेर होतं का? कोणी केलंय का?

ढवळाढवळ:
चहा घेऊन बसलो. पहिला नंबर.

कोथरूडचा_काका:
ढवळ्या, हा तो धागा नाही. नीट बस.

ताई, मामांना नमस्कार सांगा आणि त्या दुपारी त्यांना सिनेमाला पाठवा. नोटरीकडची फारकत म्हणजे दोन माणसांनी सही केलेला कागद, बास. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न मोडायचा अधिकार नोटरीला नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी त्या कागदावर दुसरं लग्न केलं तर पहिलं लग्न उभंच असतं, म्हणजे दुसरं बेकायदा आणि वर गुन्हा.

फक्त_वाचक:
काकांना अनुमोदन. आणि आता १००चा स्टॅम्प पण बंद झालाय, ऑक्टोबर २०२४ पासून ५००चा लागतो. निरुपयोगी कागद पाचपट महाग.

जतकर:
मी केलंय. सांगतो.

२०११ची गोष्ट. आमचं लग्न दीड वर्षात आटोपलं. दोन्हीकडची वडीलधारी बसली, तिचे दागिने परत, आमच्याकडचं काय ते परत, तालुक्याच्या गावी नोटरीसमोर फारकतनामा. भांडण शून्य. निघताना तिच्या वडिलांनी मला चहा पाजला, अजून आठवतंय. मला वाटलं सुटलो.

२०१५ला दुसरं लग्न ठरलं. मुलीकडच्यांपैकी एक जण शिकलेला, त्याने विचारलं डिक्री (कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम) कुठंय. मी फारकतनामा दाखवला तर तो हसला नाही, पण त्याने जे तोंड केलं ते हसण्याहून वाईट होतं. लग्न मोडलं. मग शोधत गेलो पहिलीकडे, तर तिचं तोवर दुसरं लग्न होऊन एक मूल पण होतं त्याच कागदाच्या भरवशावर! आता मी कोर्टात जाऊन सांगणार की ही माझी बायको आहे आणि मला घटस्फोट हवाय, म्हणजे तिचा संसार उघड्यावर. ती बिचारी फोनवर रडायला लागली. शेवटी दोघांनी गुपचूप म्युच्युअल (दोघांच्या संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज) टाकलं, वकिलाने काय काय कसं लिहिलं ते इथे लिहीत नाही. एका दुपारचं काम चार वर्षांनी निस्तरलं, आणि मधल्या काळात तिच्या पोराच्या डोक्यावर काय टांगलेलं होतं ते आम्हा दोघांनाच माहीत.

तिसरी_खोली:
बापरे. जतकर, धन्यवाद. हे मामांना वाचून दाखवणार.

सातारची_माहेरवाशीण:
पण सरसकट असं म्हणता येणार नाही हं काका. आमच्याकडे काडीमोड होतीच की पूर्वीपासून. माझ्या आजीच्या चुलत बहिणीची झालेली, पंचांसमोर खरोखर गवताची काडी मोडून दोन तुकडे केले होते म्हणे. नवऱ्याकडचा लग्नाचा खर्च परत दिला आणि वर्षभरात कोरेगावच्या एका बिजवराशी पाट लागला. पाच मुलं, मोठा संसार. तिला कोणी बेकायदा म्हटलं नाही. आणि हे सगळं बाईला माहेरी परत यायची वाट होती, उच्चवर्णीयांत तर तेवढीही नव्हती, हे पण लक्षात घ्या.

कोथरूडचा_काका:
बरोबर आहे, मी अर्धंच लिहिलं. १९५५च्या कायद्यात कलम २९ मध्ये रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेवलाय. म्हणजे ज्या समाजात काडीमोडीची जुनी, सलग रूढी आहे तिथे ती चालते. पण रूढी आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, ती कोर्टात सिद्ध करावी लागते, सुप्रीम कोर्टाने २००२ साली यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात हेच सांगितलं. म्हणजे कोर्ट टाळायला काडी मोडायची आणि ती काडी खरी होती हे दाखवायला कोर्टातच जायचं.

ढवळाढवळ:
आमच्यात सिद्ध करण्यासारखी एकच रूढी, जेवणानंतर झोपणे.

रानजाई:
काडीमोडीचं फार कौतुक नको. पंच म्हणजे कोण? पाच पुरुष. दंड कोणाला? बहुतेक वेळा बाईलाच. आणि ऐकलं नाही की वाळीत टाकणार. त्यासाठीच तर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. कोर्ट टाळा म्हणणाऱ्याने हे पण बघावं की कोर्टाच्या बाहेर कोण बसलंय.

सातारची_माहेरवाशीण:
रानजाई, मान्य. आजीच्या गोष्टीत पंच कोण होते ते मी कधी विचारलंच नाही.

जुनी_पानं:
कोर्टाबाहेर मिटवण्याचा विषय निघालाय तर रखमाबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अकराव्या वर्षी लग्न, नंतर नांदायला जायला नकार. दादाजी भिकाजी १८८४ साली मुंबई हायकोर्टात गेले की बायको ताब्यात द्या. १८८५ला न्यायमूर्ती पिन्हींनी तिच्या बाजूने निकाल दिला, मग अपील, आणि १८८७ला निकाल आला की नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. बाई म्हणाली तुरुंग चालेल.

आणि एवढ्या गाजलेल्या खटल्याचा शेवट कशाने झाला? १८८८ साली कोर्टाबाहेरच्या समझोत्याने. दादाजींनी २००० रुपये घेऊन दावा सोडला. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेत, राजकोटात कित्येक वर्षं काम केलं.

पण गंमत बघा (गंमत कसली), पैसे देऊन भांडण मिटलं, लग्न मात्र कागदावर मोडलंच नाही, कारण मोडायची सोयच नव्हती. दादाजींना दुसरं लग्न करता आलं, त्यांना नाही. १९०४ला ते वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा वेश घेतला.

तिसरी_खोली:
हे मला माहीत नव्हतं. थांबा, चहा ठेवते.

वाटेवर_मी:
मूळ प्रश्नाकडे. मी गेल्या वर्षी यातून गेले, पुण्यातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिसरी खोली, तुला कोर्ट टाळायचं नाहीये, कोर्टातलं भांडण टाळायचंय. ते टाळता येतं. परस्परसंमतीचा घटस्फोट, हिंदू विवाह कायदा कलम १३ब, सगळे त्याला म्युच्युअलच म्हणतात. त्यात आरोप नसतात. नवरा वाईट होता, बायको स्वयंपाक करत नव्हती, असलं एक वाक्य लिहावं लागत नाही. फक्त एवढंच की आम्ही वर्षभरापेक्षा जास्त वेगळे राहतोय, एकत्र राहू शकत नाही आणि मोडायचं दोघांनी मिळून ठरवलंय. पैसे, घर, मूल हे काय ठरलं ते कन्सेंट टर्म्समध्ये लिहून सोबत जोडायचं. मग सहा महिने थांबायचं आणि पुन्हा जाऊन सांगायचं की अजून तेच म्हणणं आहे.

मी मोजून तीन वेळा त्या शिवाजीनगरच्या इमारतीत गेले. एकदा दाखल करायला, एकदा काउन्सेलरकडे (त्या दोघांना वेगवेगळं पण विचारतात, कोणी जबरदस्ती करतंय का वगैरे), आणि शेवटी. जजसाहेबांनी दोन प्रश्न विचारले, पाच मिनिटं. मी आदल्या रात्री उत्तरं पाठ केली होती आणि त्यांनी विचारलं ते नाव आणि पत्ता. बाहेर आल्यावर आम्ही दोघं पार्किंगमध्ये उभे होतो आणि याला रिक्षा मिळेना तर मीच स्टेशनपर्यंत सोडलं.

खरं काम त्याच्या आधीचं होतं. आम्ही एक मीडिएटर (मध्यस्थ) गाठल्या, खाजगीत, दोघांनी फी निम्मी निम्मी भरली. सहा बैठका. पहिल्या दोन वाया गेल्या असं वाटलं कारण आम्ही २०१७च्या दिवाळीत कोण काय बोललं यावरच होतो. तिसऱ्या बैठकीला बाई म्हणाल्या, मी निकाल देणार नाहीये, त्यामुळे मला पटवण्यात वेळ घालवू नका. मग आम्ही यादीला लागलो. फ्लॅट एका बैठकीत मिटला. अडलो कशावर माहितीये? देव्हाऱ्यावर. त्याच्या आजीचा पितळी देव्हारा, पण नऊ वर्षं पूजा मी केलेली. पाऊण तास. शेवटी देव्हारा त्याच्याकडे, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण माझ्याकडे, ते माझ्या माहेरून आलेले.

फक्त_वाचक:
एकाच घरात राहून 'वेगळे राहतोय' कसं चालेल? धागाकर्तीचा तोच घोळ आहे ना?

कोथरूडचा_काका:
चालतं. वेगळं राहणं म्हणजे नवराबायको म्हणून न राहणं. १९९१च्या सुरेष्टा देवी खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की परिस्थितीमुळे एका छताखाली असले तरी ते वेगळं राहणं असू शकतं. फक्त अर्जात ते नीट लिहावं लागतं, काउन्सेलर विचारतात.

त्याच निकालात दुसरी गोष्ट आहे ती ताईंनी जास्त लक्षात ठेवावी. डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यामुळे पैसे टप्प्याने द्यायचे, काही दाखल करताना आणि उरलेले शेवटच्या तारखेला. सगळे आधी दिले तर देणारा लटकतो, सगळे नंतर म्हटलं तर घेणारा.

आणि सहा महिने पण दगडावरची रेघ नाही. २०१७ला अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की दाखल करायच्या आधीच दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न करून झालेले असतील, पोटगी-मूल सगळं ठरलेलं असेल, तर तो काळ कोर्ट माफ करू शकतं. वेगळा अर्ज करावा लागतो. तुमचं दोन वर्षं आहे म्हणजे विचारून बघा.

ढवळाढवळ:
काका तुम्ही वकील आहात का?

कोथरूडचा_काका:
नाही. दोन मुलींचा बाप आहे, दोघींचं झालं. कोर्टाच्या बाकावर बसून दुसरं करायचं काय, वाचत बसलो.

ढवळाढवळ:
सॉरी काका.

रानजाई:
मी इथे विरजण घालणार आहे, पण कोणीतरी घालायला हवं.

मीडिएशन, समजुतीने, भांडण नको, हे सगळं दोघं एका उंचीवर उभे असतील तर ठीक. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. मला मारहाण होती. सासरचे, माहेरचे, गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ, सगळे मिळून चार वेळा 'मिटवायला' बसले आणि चारही वेळा मी परत त्याच घरात गेले कारण मिटवणं म्हणजे मी परत जाणं असाच सगळ्यांचा अर्थ होता. पाचव्यांदा मी पोलीस स्टेशनला गेले आणि मग घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली, २००५चा तो, अर्ज केला. कोर्टाने राहायला जागा आणि महिन्याचे पैसे लावून दिले. ज्या माणसासमोर माझा आवाज निघत नव्हता त्याच्यासमोर माझ्या वतीने कोणीतरी बोललं. मला कोर्टाची पायरी म्हणजे घराबाहेर पडायची पायरी वाटते. तेव्हा ही म्हण जरा जपून वापरा.

वाटेवर_मी:
रानजाई, तुझं शंभर टक्के खरं. आमच्या मीडिएटर बाईंनीही आम्हाला आधी वेगवेगळं भेटून हेच विचारलं होतं, कोणाला कोणाची भीती वाटते का. हो म्हटलं असतं तर घेणार नव्हत्या म्हणाल्या.

कोकणकडा:
रानजाईंशी थोडा असहमत. माझ्यावर ४९८अ (बायकोच्या छळाचं कलम) लागलं होतं, आईवर पण. खरं खोटं सोडा, इथे त्यात जात नाही. तीन वर्षं तारखा. शेवटी हायकोर्टाच्या मीडिएशन सेंटरला पाठवलं आणि दोन बैठकांत मिटलं. तीन वर्षांत एकमेकांचं तोंड न बघितलेली माणसं आम्ही, ती समोर बसली आणि म्हणाली आईंचा गुडघा कसा आहे. सगळे गप्प.

पण ज्यांच्यावर केस आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, म्युच्युअल झालं म्हणजे ती केस आपोआप जात नाही. ती दोघांनी मिटवायची ठरवली तरी खालच्या कोर्टात मागे घेता येत नाही, हायकोर्टात जाऊन रद्द करून घ्यावी लागते. ते कन्सेंट टर्म्समध्ये लिहून घ्या, कोण सही करणार, कधी करणार, सगळं.

रानजाई:
यात असहमत काय आहे तेच कळलं नाही. तुमची केस कोर्टात होती म्हणूनच मीडिएशनला पाठवलं ना?

कोकणकडा:
हम्म. बरं.

नौशाद_सोलापूर:
सलाम मंडळी. आमच्याकडे खरंच कोर्टाबाहेर होतं म्हणून लिहितो. टीव्हीवर फक्त तीन तलाकच दाखवतात, तो तर २०१७च्या शायरा बानो निकालानंतर आणि २०१९च्या कायद्यानंतर रद्दच आहे, दिला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण त्याशिवाय खुला आहे, बायको मागते, बहुतेकदा मेहर (निकाहात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम) सोडते. आणि मुबारात, म्हणजे दोघांच्या मर्जीने. तुमच्या म्युच्युअलचा थोरला भाऊ म्हणा, कोर्ट नाही, सहा महिने नाहीत.

माझ्या बहिणीचा खुला झाला २०१९ला. काझीसाहेबांनी दोघांना बसवलं, तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, मग खुलानामा. आपा खूश. पुढे एका सरकारी ऑफिसात कागदपत्रांवर नवऱ्याचं नाव बदलायला गेली तर खिडकीवरचा माणूस म्हणतो कोर्टाचा कागद आणा. ती म्हणाली आमच्यात हाच कागद. तो म्हणाला मॅडम मला तुमच्यात-आमच्यात कळत नाही, मला गोल शिक्का लागतो. शेवटी फॅमिली कोर्टातूनच जाहीर करून घेतलं की लग्न संपलेलं आहे. ते मात्र लवकर झालं, भांडण नव्हतंच.

जतकर:
नौशादभाई, गोल शिक्का हाच आपला खरा राष्ट्रीय कायदा.

म्हापशेकर:
गोंयांतल्यान सांगतां. आमच्याकडे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१०चा घटस्फोटाचा कायदा, बहुतेक सगळ्यांना तोच. लग्न आधीच सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं, त्यामुळे मोडायला कोर्ट लागतंच आणि मग त्या नोंदीवर शेरा पडतो. स्टॅम्पपेपरची फारकत वगैरे आमच्याकडे कोणाच्या डोक्यात पण येणार नाही.

पण एक बरं आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात, निम्मी निम्मी. त्यामुळे वाटाघाटी शून्यापासून सुरू होत नाहीत. माझ्या भावाच्या वेळी वहिनीला काही मागावं लागलं नाही, यादी करून भागाकार केला. तुमच्याकडे बाईला 'मागावं' लागतं आणि मग लोक म्हणतात बघा पैशासाठी केलं.

वाटेवर_मी:
हे शेवटचं वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे.

हॅरोची_मावशी:
इकडे इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून कोणाचाच दोष दाखवावा लागत नाही. दोघं मिळून ऑनलाइन अर्ज करू शकतात. वीस आठवडे थांबा, मग सहा आठवडे थांबा, झालं. कोर्टच ते, पण तुम्ही पायजम्यात घरी. माझी मैत्रीण भाजी फोडणीला टाकून फॉर्म भरत होती.

पण ज्यांचं लग्न भारतात झालंय त्यांनी सावध. १९९१चा नरसिंह राव विरुद्ध वेंकटलक्ष्मी निकाल वाचा. अमेरिकेतल्या मिसुरीच्या कोर्टाने लग्न सावरण्यापलीकडे मोडलंय म्हणून घटस्फोट दिला, आपल्या सुप्रीम कोर्टाने तो मानला नाही, कारण हिंदू विवाह कायद्यात ते कारणच नाही. म्हणून माझ्या मैत्रिणीने इकडचं झाल्यावर पुण्यात वेगळं म्युच्युअल टाकलं. त्यासाठी ती आलीच नाही, व्हिडिओवर हजर राहिली. मग पुण्यातली भाजी कोणी फोडणीला टाकली ते माहीत नाही.

चौकस_चंदू:
इथे सगळे कायदा सांगताहेत, पण लग्न टिकवायचा सल्ला कोणीच देत नाही हे बघून वाईट वाटलं. सहा वर्षांची मुलगी आहे. थोडं सहन करायला काय हरकत आहे? आमच्या वेळी

रानजाई:
झालं सुरू.

सातारची_माहेरवाशीण:
चंदूकाका, विचारलंय ते 'मोडावं का' नाही, 'कसं मोडावं'. सोलर लावायला माणूस कुठे मिळेल विचारलं तर समई लावा सांगू नये.

तिसरी_खोली:
चंदूकाका, राग नाही. माझे बाबाही हेच म्हणत होते. मुलगी मागच्या आठवड्यात मला विचारत होती की बाबा पाहुण्यांच्या खोलीत का झोपतात, ते पाहुणे आहेत का. तिला सगळं दिसतं.

बाकी सगळ्यांचे आभार, मी दोनदा वाचला धागा. नवऱ्यालाही लिंक पाठवली. (हो, तो वाचतोय. हाय.) मामांचा विषय संपला. मीडिएटरकडे जायचं नक्की केलंय. आता दोन अडकलेले प्रश्न. एक, फ्लॅट मी ठेवणार, कर्जही मी फेडणार, मग त्याचा हिस्सा माझ्या नावावर कसा आणि कधी करायचा? दोन, मुलीसाठी तो देणार ती रक्कम मी नको म्हटली तर चालेल का? मला भांडण नकोच आहे.

कोथरूडचा_काका:
दुसऱ्याचं आधी. नाही चालणार, आणि चालू पण नये. तुमची पोटगी तुम्ही सोडू शकता. मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क आहे, तो तुमच्या सहीने जात नाही. आणि मुलीबद्दल आता जे ठरेल ते पण कायमचं नसतं, पुढे परिस्थिती बदलली तर कोर्ट बदलू शकतं. म्हणून ताबा, भेटी, सुट्ट्या हे जरा बारीक लिहा. माझ्या धाकटीच्या वेळी 'सणाला वडिलांकडे' एवढंच लिहिलं होतं. कुठला सण? गणपती की दिवाळी? त्यावर पुढची दोन वर्षं फोनाफोनी.

फ्लॅट_धारक:
घराचं मी सांगतो, कारण आमचं याच्यावरच अडलं होतं. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर त्यावर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये (नोंदणी फी आणि महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा, ते तिथे विचारा). पण ते नवराबायको असेपर्यंत! डिक्री झाली की तुम्ही एकमेकांचे कोणी नाही आणि मग तीच सवलत मिळत नाही.

आता भानगड बघा. नवरा म्हणतो आधी डिक्री मग घर, बायको म्हणते आधी घर मग डिक्री. दोघांचं बरोबर. आम्ही शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सबरजिस्ट्रारकडे गेलो. सकाळी बक्षीसपत्र, 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' असं त्यात छापील वाक्य असतं, आम्ही दोघं ते वाचून इतके हसलो की तिथला क्लार्क म्हणाला साहेब काही चुकलंय का. दुसऱ्या दिवशी घटस्फोट.

बँकेचं मात्र आधी बघा. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर बँकेच्या संमतीशिवाय हे करू नका, आणि त्याचं नाव कर्जातून काढायचं तर तुमच्या एकटीच्या पगारावर त्यांनी हो म्हणायला हवं. आम्हाला बँकेने अडीच महिने फिरवलं. ते पहिलं काम करा, वकिलाच्याही आधी.

तिसरी_खोली:
हे कोणीच सांगितलं नव्हतं. उद्याच बँकेत जाते.

फक्त_वाचक:
वकील लागतोच का पण? खर्च?

वाटेवर_मी:
फॅमिली कोर्टात वकील हा तुमचा हक्क नाही, कोर्टाच्या परवानगीने असतो, त्यामुळे कायद्याने स्वतः जाता येतं. आम्ही दोघांत मिळून एकच वकील केली फक्त ड्राफ्टिंगला. मीडिएटर आणि वकील मिळून आम्हाला साधारण साठ हजार पडले, दोघांत. माझ्या लग्नात नुसत्या मांडवाला याहून जास्त गेले होते.

कोकणकडा:
आणि मांडव एका दिवसात उतरला.

तिसरी_खोली:
अपडेट, तीन आठवड्यांनी.

बँक तयार आहे, माझ्या पगारावर, मुदत चार वर्षं वाढवून. मीडिएटरकडे दोन बैठका झाल्या. वाटेवर मी, तू म्हणालीस तसंच, पहिली पूर्ण वाया. दुसरीत मुलीचं ठरलं. गणपती त्याच्याकडे कारण गावी पाच दिवसांचा असतो आणि तिला तिकडचे उंदीर-मोदक सगळं आवडतं, दिवाळी माझ्याकडे, मे महिना निम्मा निम्मा. काका, 'सण' असं कुठेही लिहिलेलं नाही, प्रत्येकाचं नाव घातलंय. नागपंचमीसुद्धा.

मुलीला दोघांनी एकत्र बसून सांगितलं. ती म्हणाली मग पाहुण्यांची खोली आता माझी का?

सातारची_माहेरवाशीण:
काय बोलू. मिठी.

ढवळाढवळ:
देव्हारा कोणाकडे?

तिसरी_खोली:
आमच्याकडे भांडण इडलीपात्रावर आहे. पुढची बैठक शनिवारी.

पाहुण्यांची_खोली:
इडलीपात्र माझ्या मावशीने दिलंय. नोंद असावी.